दहा मिनिटांनी धाकटी

टण्ण! डब्याचं झाकण भीमाच्या हातून निसटलं, फरशीवर गोल गोल फिरलं आणि एकदाचं थांबलं.

"घ्या! झाकनसुदा यायला तयार न्हाई," भीमा म्हणाली आणि एकटीच हसली.

दारात छगन मुकादम उभा होता. त्याच्या मागे ट्रक. त्यात बाया, बाजा, कोंबड्या, आणि भीमाचा नवरा कल्याण आधीच चढून बसलेला. ऊसतोडीला सहा महिन्यांसाठी निघायचं होतं आणि सगळं अडलं होतं पंकजावर. भीमाची थोरली, दहा वर्षांची, पाचवीतली. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत तेवढंच लिहितात. पण फडात तान्हं सांभाळायला, पाणी आणायला थोरलं पोर येणार, हे न लिहिताच ठरलेलं असतं. आणि भीमाचं धाकटं अजून अंगावर पीत होतं.

"यंदा पंकी रतनकडं ऱ्हानार," भीमानं सांगून टाकलं होतं.

रतन म्हणजे मी. पाथर्डीला राहते, कॉलेजात फिजिक्स शिकवते. भीमा आणि मी जुळ्या. मी दहा मिनिटांनी थोरली.

आम्हीही दहाच वर्षांच्या होतो. धाकट्या भावाला सांभाळायला आई-बाप आम्हा दोघींना नेणार होते. बोचकी बांधून झाली होती. त्या सकाळी मला गोवर निघाला. तान्ह्याला लागेल म्हणून मला चुलतीपाशी ठेवलं आणि भीमा एकटी गेली. पुढच्या वर्षी मी शाळेत रुळले होते, ती फडात. आमच्यात फरक काय तो एवढाच.

परवा ओमला, माझ्या दीड वर्षाच्या लेकाला, इथंच झोळीत घातलं आणि तो निजला तेवढ्यात उद्याचा धडा काढून बसले. पंकजा पुस्तकातल्या चित्रावर वाकली.

"हे दोगं कोन, मावशी?"

"जुळे भाऊ. एक घरी राहतो. दुसरा यानात बसून जवळजवळ उजेडाच्या वेगानं लांब जातो. त्याचं घड्याळ हळू चालतं. परत येतो तर घरचा म्हातारा झालेला असतो आणि हा तरणाच."

"खरंच?"

"खरंच. आणि त्याच्या बाजूनं मोजलं तर वाटही आखूड भरते. भास नाही तो, मोजूनच आखूड."

चुलीपुढून भीमा म्हणाली, "बसून जानाऱ्याला वाट आखूडच भरती. मोळी डोक्यावर घिऊन मोजाय सांग त्याला!" मग भाकरी परतून तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. "आन जानारा तरना ऱ्हातो म्हनं. मी तर इस वर्सं जातीया. बग की माझ्याकडं."

कानशिलावरचे केस पांढरे झालेले, बोटं कोयत्याच्या मुठीसारखी वळलेली. आम्ही दोघी एकतीसच्या. गेल्या आठवडी बाजारात एका बांगडीवाल्यानं मला विचारलं, "आईला कोनत्या दावू?" तेव्हाही भीमाच हसली होती.

"जवळजवळ उजेडाइतकं जोरात गेलं तरच दिसण्याएवढं होतं ते, भीमे."

"मंग त्या छगनला सांग की, जरा पळव म्हनावं ट्रक!"

आता तोच छगन दारात घाई करत होता. "भीमाबाय, येळ चाललाय. पोरगी चढवा. तान्हं कोन बगंल?"

"मी बगंन. बांधाला झोळी टांगंन आन मोळीगनिक येऊन बगंन."

"आन काम मागं पडलं मंजी?"

"माझं पडंल. तुमचं न्हाई." भीमानं बोचक्याला गाठ मारली आणि उभी राहिली. "मुकादम, तुमच्या वहीत पंकी लिवलीय का? काडा, दावा."

"पोरं कुटं लिवत असत्यात व्हय?"

"मंग लिवलीच न्हाई, ती यायची कशी?"

ट्रकातून हशा उठला. "बराबर बोलली!" कुणीतरी बाई ओरडली. छगननं वहीकडं पाहिलं, मग कल्याणकडं. "तुजी बायकू काय म्हनती, ऐकतो का?"

कल्याण सकाळपासून लेकीकडं बघत नव्हता. आता त्यानं पाहिलं. "ती म्हनती तेच," तो म्हणाला.

छगन पुटपुटत चाकापुढं नारळ फोडायला गेला.

भीमानं पंकजाचं दप्तर आणून माझ्या खांद्याला अडकवलं. दुसऱ्या बाजूला कडेवर ओम होता. तिचा चेहरा माझ्या अगदी जवळ आला, माझाच चेहरा, उन्हात पुष्कळ दिवस ठेवलेला.

"तुला गोवर निगाला म्हनून तू ऱ्हायली, रतने. हिला काय निगायची गरज न्हाई. ही आपली अशीच ऱ्हानार."

तान्हं पाठीशी बांधून ती चढली. कुणाचा हात धरला नाही. ट्रक निघाला, खड्ड्यांतून, जेमतेम सायकलीच्या वेगानं. त्या वेगानं घड्याळात पडणारा फरक इतका बारीक, की मी वर्गात तो शून्यच धरायला सांगते.

झाकण घरातच राहिलं होतं. पंकजानं ते उचलून आणलं होतं आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. धूळ खाली बसेपर्यंत ती रस्त्याकडं बघत राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "सहा महिने आधी कुनाचे सरतील? आईचे का माझे?"