तारा बांधणारी

"मेलं! सगळं यान मेलं!" सूनबाई खुर्चीतून ओरडली.

सासूबाई दचकल्या. टीव्हीवरच्या मालिकेत तर कुणालाच काही झालं नव्हतं. उलट नायक यानाच्या पोटात डोकं घालून उघड्या हातांनी तारांचा झुबका ओढत होता आणि मागे कुणीतरी "फक्त नव्वद सेकंद!" म्हणून किंचाळत होतं.

"अहो आई, बघा ना! हातमोजे नाहीत, मनगटाला पट्टा नाही. त्याच्या अंगातली वीज लागली तर यंत्रं जळून जातील. आणि ओढतोय कसा, गवत उपटल्यासारखा!"

"तू तोंडाला कुलूप लाव बघू. आत्ता त्याची बायको रडणार आहे."

बायको रडली. सासूबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. सूनबाई मात्र वहीत काहीतरी खरडत होती.

ही सूनबाई साठीला आलेली. तीस वर्षं तिने अवकाशयानांच्या कारखान्यात तारा बांधल्या होत्या. एका यानात कित्येक हजार तारा. त्यांच्या जुड्या करायच्या आणि दर दोन बोटांवर मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ मारायची. गाठ सैल राहिली तर उड्डाणाच्या हादऱ्याने जुडी हलणार, घट्ट झाली तर तारेवरचं आवरण चेपणार. कारखान्यात तिला 'गाठवाल्या बाई' म्हणत. घरी सासूबाई शेजारणींना एवढंच सांगत, "आमची सून तारांच्या कारखान्यात आहे." तेही काही खोटं नव्हतं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण मालिका सुरू झाल्यापासून तिचा जीव रोज संध्याकाळी सात वाजता टांगणीला लागायचा. शेवटी सासूबाई वैतागल्या. "एवढं कळतं तर त्यांनाच कळव की! माझं डोकं का खातेस?"

तिने खरंच कळवलं. चार पानी पत्र, एकतीस चुका, क्रमांक घालून. नवरा म्हणाला, "केराच्या टोपलीत जाईल." पंधरा दिवसांनी फोन आला. चित्रीकरण बघायला या म्हणून.

स्टुडिओतलं यान प्लायवूडचं होतं, वर चंदेरी कागद चिकटवलेला. एका भिंतीवर पन्नासेक रंगीत दिवे उगाचच लुकलुकत होते.

"हे दिवे कशाचे?" तिने विचारलं.

"मॅडम, दिवे लुकलुकले नाहीत तर यंत्र विचार करतंय हे लोकांना कळणार कसं?" दिग्दर्शक म्हणाला. उभ्याउभ्या बिस्किटं खाणारा, हडकुळा गृहस्थ. ती इतकी खळखळून हसली, की दिवे लावणारी माणसंही हसायला लागली. "आणि एकतीस चुका!" दिग्दर्शक पुढे म्हणाला. "माझ्या गणिताच्या बाईंनीसुद्धा एका वेळी इतक्या काढल्या नव्हत्या."

इंजिनिअरचं काम करणारी नटी जवळ येऊन बसली. विशीतली पोर, हातात संवादांचे कागद. "मावशी, आज माझा मोठा प्रसंग आहे. उड्डाणाला थोडेच दिवस उरलेत, मला बिघाड सापडतो आणि मी सगळ्यांवर ओरडते. तुम्ही काय केलं असतं?"

"ओरडले नसते. ओरडलं की हात थरथरतो."

"पण बिघाड सापडला तर?"

"सापडला होता ना एकदा. माझाच." ती सहज बोलून गेली आणि मग तिला थांबता येईना. "एक गाठ घट्ट बसली होती. तपासणीत कुणाच्या लक्षात आली नाही, सगळ्यांनी सह्या केल्या. पुढे अकरा दिवस तिच्यावर काम चढलं. मग एका सकाळी माझी नजर गेली. बोलले नसते तर कुणाला कळलंही नसतं. पण तडक साहेबांच्या खोलीत गेले."

"साहेब ओरडले?"

"नाही. उठून बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, 'चला, सोडवू.' आम्ही चौघांनी अकरा दिवसांचं काम एकेक गाठ करत उलगडलं. पुन्हा बांधलं. पहिल्या दिवशी मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन रडून आले, बस."

"आणि यान?"

"गेलं की! नऊ वर्षं चाललं."

दिग्दर्शकाचं बिस्कीट हातातच राहिलं होतं. "पण यात नव्वद सेकंद कुठे आहेत?"

"नाहीत. अकरा दिवस आहेत."

"बाईमाणूस गाठी सोडवत बसलंय, हे कोण बघणार, मॅडम?"

"मी बघेन," नटी म्हणाली. तिने कागद बाजूला ठेवले होते.

दिग्दर्शकाने डोकं खाजवलं. "सात सेकंद. त्याच्यावर एक नाही."

नटीने दुपारभर खटपट केली, पण गाठ काही तिच्या बोटांत बसेना. शेवटी गाठवाल्या बाईंनाच पांढरा कोट चढवला, हातमोजे दिले आणि कॅमेरा अगदी जवळ आणला. तिने एक गाठ सोडवली, जुडीवरून बोट फिरवलं आणि नवी बांधली.

तो भाग लागला त्या संध्याकाळी घरातली तिघंही पावणेसातलाच टीव्हीपुढे बसली. आधी नायक बराच ओरडला. दिवेही लुकलुकले. मग एकाएकी संगीत थांबलं आणि पडद्यावर दोन हात आले. गाठ सुटली. बोट फिरलं. गाठ बसली.

"तुझे?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"अशा किती बांधल्यास गं?"

"मोजल्या नाहीत. लाखांत असतील."

"आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत, आई."

नवऱ्याने उगाच चष्मा काढून पुसला. पडद्यावर उलटी मोजणी सुरू झाली होती. या उड्डाणासाठी सासूबाई तीन महिने थांबल्या होत्या. त्यासाठी त्यांनी भाचीच्या नातवाचं बारसंसुद्धा लवकर आटोपायला लावलं होतं. दहा, नऊ, आठ. नायकाने बायकोचा हात धरला. सात, सहा, पाच.

सासूबाईंनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"अगं आई!" नवरा ओरडला.

"ते जाईल वर आपलं आपण." त्या खुर्ची ओढत सुनेच्या समोर आल्या. "तू सांग. दोरा आधी कुठल्या बोटात धरायचा?"

आणि त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले.