‘येतो मी’

कंट्रोल रूममधला नवा वायरलेस सेट इतका गप्प होता, की तो बंद तर नाही पडला, हे ताईने दोनदा तपासलं.

जुना सेट दिवसभर खरखरायचा. त्या खरखरीला सगळे शिव्या घालायचे, ताईसुद्धा. पण त्या खरखरीतूनच आग ऐकू यायची, पाण्याचा फवारा ऐकू यायचा, आणि माणूस आत चाललाय की बाहेर, हे न सांगता कळायचं. आता पोलीस, अग्निशमन आणि ॲम्ब्युलन्स, तिघांना मिळून एकच यंत्रणा आली होती. बोलणारा तेवढा ऐकू येणार, बाकी सगळं गाळून टाकणार. “शेजारी बसून बोलल्यासारखं वाटतं की नाही?” असं ती बसवणारा इंजिनिअर सतरांदा विचारून गेला होता. प्रत्येक खात्याचे सांकेतिक आकडे वेगळे, म्हणून तेही बंद झाले. आता सरळ घरच्यासारखं बोलायचं. पथ्य एकच. बटण दाबल्यावर बीप वाजेपर्यंत थांबायचं, नाहीतर आधीचे शब्द यंत्र गिळून टाकतं.

आणि थांबणं ताईच्या धाकट्या भावाच्या रक्तातच नव्हतं.

फायरमन असलेला तो या क्षणी रंगाच्या एका पेटलेल्या गोदामाच्या तळघरात होता. जोडीदाराचा मास्क गळायला लागला म्हणून त्याला वर पाठवून हा शहाणा एकटाच मागे राहिला होता. गोदामाबाहेर उभ्या असलेल्या साहेबांनी सेटवरून हुकूम दिला, “मागच्या जिन्याने बाहेर पड. मी पुढून तळघरात फेस भरतोय.” फेस छतापर्यंत चढला की आग विझते. पण आत राहिलेल्या माणसाला स्वतःचा हात दिसत नाही, की हाक ऐकू येत नाही.

भावाचा आवाज आला, धुऊनपुसून ठेवल्यासारखा स्वच्छ. “...येतो मी.”

“निघाला तो,” साहेब म्हणाले. “मशीन चालू करा.”

आई गेल्यावर भावाला ताईनेच वाढवलं होतं. शाळेला निघताना तो “जातो” म्हणाला की ती टपली मारायची. जातो नाही रे, येतो म्हणावं! परतताना मात्र तो जिन्यातूनच “आलो!” म्हणून बोंबलायचा. बाहेर यायला निघाला असता तर तो “आलो” म्हणाला असता. हा निरोप घेत होता. कशासाठी, ते बीपच्या आधीच गेलं.

“साहेब, फेस थांबवा! तो आत चाललाय!”

“ताई, तो येतो म्हणाला. सगळ्यांनी ऐकलंय.”

“परत येणारा ‘आलो’ म्हणतो, साहेब. ‘येतो’ निघताना म्हणतात.”

साहेबांनी मशीन थांबवून भावाला दोनदा पुकारलं. उत्तर नाही.

“मागे वळसा घालून बघेपर्यंत आग पुढचा जिना धरेल,” साहेब म्हणाले. “मला आत्ताच चार माणसं आत घालावी लागतील. खात्री आहे तुमची?”

एका शब्दावर कसली खात्री? ती चुकली असेल तर भाऊ मागच्या आवारात खोकत बसलेला असेल, आणि दुसऱ्यांची चार पोरं तिच्या सांगण्यावरून आगीत. आपण कंट्रोल म्हणून बोलतोय की बहीण म्हणून, हे तिचं तिलाच कळेना.

“आहे,” ती म्हणाली.

चौघे आत गेले. सेटवर काहीच नाही, साधी कुरकुरही नाही. लोक जिवंत असले तरी हा असाच गप्प बसणार आणि मेले तरी असाच. त्या इंजिनिअरला तिने मनातल्या मनात उभा फाडला.

“सापडला!” साहेब ओरडले. “पिंपांमागे होता, रखवालदाराला ओढत आणत होता. दोघांनाही वर दिलंय, शुद्धीवर आहेत. पण मागोमाग पुढचा जिना कोसळला!”

भाऊ वाचला, हे तिच्या मनाला अजून शिवलंही नव्हतं.

“आणि ते चौघं?” तिने विचारलं.

“मोजतोय,” साहेब म्हणाले.