बसलेल्या स्प्रिंगा

मिस्त्रीने गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. एकदा उसळून थांबायला हवी ती गाडी तीनदा डुचमळली.

"बघितलंत नर्सबाई? शॉक-अप गेलेत." त्याने चाकामागच्या नळीवरून बोट फिरवून तेल दाखवलं. "स्प्रिंगाही बसल्यात. मागे वाहता तरी काय?"

"डबा आणि पर्स."

"मग डब्यात लोखंड नेत असाल!"

नर्सबाई हसल्या नाहीत. गिऱ्हाईक बाई दिसली की दहा रोग काढणारे मिस्त्री त्यांना ठाऊक होते. पण त्याने डिकीतली चटई उचलली, तेव्हा त्या वाकून बघू लागल्या. पत्र्यावर खोल ओरखडे होते, कोपऱ्यात लोखंडाचा कीस.

संशयाची सुई फिरली ती थेट धाकट्या भावावर. दर रविवारी तो गाडी मागून न्यायचा. म्हणे, बाबांना फिरवून आणतो! बाबा आयुष्यभर लेथवर राबलेले. दोन वर्षांपासून त्यांचा कारखाना बंद, आणि किल्ली भावाकडे.

दुसरी किल्ली कपाटाच्या तळाशी सापडली. त्याच दुपारी त्यांनी कारखाना उघडला. लेथ जागेवर होती. पण लोखंड घट्ट पकडायचे शेगडे, ड्रिलचं यंत्र, हत्यारांच्या पेट्या, सगळं गायब. धुळीत नुसते स्वच्छ चौकोन उरले होते. बाप हयात असताना घर धुऊन न्यायला निघालाय, त्यांच्या मनात आलं.

रविवारी भाऊ गाडी न्यायला आला तेव्हा त्या आधीच मागच्या सीटवर बसल्या होत्या.

"ताई, तू कशाला?" भावाचा चेहरा पडला.

"का? मला फिरायचं नाही का?"

बाबा पुढच्या सीटवर बसत म्हणाले, "येऊ दे तिला. कोंबडं झाकून किती दिवस ठेवणार?"

गाडी एका पत्र्याच्या शेडपाशी थांबली. दारात बाबांचे जुने भागीदार उभे होते. पंधरा वर्षं या दोघांत बोलणं नव्हतं! आत भिंतीशी बाबांची हत्यारं पुसून, ओळीने मांडलेली होती.

"मीच दिली याला, आता हाच चालवेल," बाबा म्हणाले. "मला धड दिसत नाही गं. कारखाना बंद केला तेव्हा माझं बोट चेंगरलं ना, ते दारात सापडलं नव्हतं. लेथचा चक फिरतोय हे मला दिसलंच नाही."

त्या बोटाला पट्टी नर्सबाईंनीच बांधली होती.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू मला घराबाहेर पडू दिलं असतंस?"

नसतंच दिलं.

"आणि मला काय समजलीस?" भावाने विचारलं. "चोर?"

"चुकलं माझं," एवढंच त्या म्हणाल्या. भावाने मान फिरवली.

बुधवारी त्यांनी त्याला आग्रहाने गॅरेजवर बोलावलं. मिस्त्रीने दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा आणि शॉक-अप जोडीने बदलले. एकच बदलला तर गाडी एका अंगाला कलते, म्हणाला. भाऊ बाकड्यावर तोंड फुगवून बसला होता.

"लेथ मात्र टेंपोने न्यायची हं," त्या म्हणाल्या.

"ते कधीच ठरलंय," तो म्हणाला. रविवारनंतर त्यांच्याशी बोललेलं ते त्याचं पहिलं वाक्य होतं.