आजारी सोबत्याची स्लेज

संग्रहालयात त्याला सगळे मोजपट्टी म्हणत. चहाचा कपसुद्धा हा गृहस्थ टेबलाच्या कडेपासून अंतर बघून ठेवी. जुन्या ध्रुवमोहिमांच्या दालनासाठी त्याने एक स्लेज, म्हणजे बर्फावरून ओढायची घसरगाडी, बनवली होती. कमरेला पट्टा बांधायचा आणि ओढायची. ती हलत नाही. मग तिच्यावरचं एकेक ओझं खाली टाकायचं : तंबू, रॉकेल, शिधा, गोळा केलेले दगड, नाहीतर झोपायच्या पिशवीत गुंडाळलेला आजारी सोबती. ओझी लुटुपुटूची, सगळा जोर खालच्या लपवलेल्या ब्रेकचा. जितकं टाकाल तितका तो सैल होई.

माणूस ओळखायला याहून चांगलं यंत्र नाही. दगड सगळेच आधी टाकत. ग्रंथपालबाईंनी शिधा पोटाशी धरला. साहेबांनी सातव्या सेकंदाला आजाऱ्याला लोटलं आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना, ते पाहिलं.

दर रविवारी चाचणीला मोजपट्टीची आठ वर्षांची लेक यायची. ती आजाऱ्याला सोडून सगळं टाकी.

"अगं, तंबू टाकलास, आता झोपशील कुठे?"

"त्याच्याच पिशवीत. तू ना बाबा, काहीही विचारतोस!"

पण तेवढंही तिला ओढवेना. डोळे भरून आले. तेव्हा जन्मात मिलिमीटर न सोडलेल्या माणसाने लबाडी केली. दोरीला तीन हिसके बसले की ब्रेक पुरता सुटावा, अशी गुपचूप सोय केली. आपणच ओढली, म्हणून पोरगी दालनभर मिरवली.

महिन्यापूर्वी ती तापाने गेली. चार दिवसांत.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी साहेब आले. "अहो मोजपट्टी, चाचणीला आलेली शाळेची पोरं हिसके देऊन अख्खं ओझं पळवतायत! काही टाकावंच लागलं नाही तर त्यांना कळणार काय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "जड जात असेल तर दुसऱ्याला सांगू का?"

"नको. माझंच आहे ते."

ती गुपचूप सोय काढणं पाच मिनिटांचं काम, त्याला तास लागला. मग त्याने पट्टा बांधला. स्लेजवरचं काहीच उतरवलं नाही. एक हिसका दिला. दुसरा. तिसरा.

स्लेज जागची हलली नाही. काम चोख झालं होतं.

"झालं की!" साहेब म्हणाले. "आता टाका त्यातलं काहीतरी, सुटेल."

"थांबा जरा," तो म्हणाला, आणि त्याने चौथा हिसका दिला.