लोकरीच्या तीन खुणा

परमेश्वरला अमेरिकेत पोरगी झाली ते साल दोन हजार चार. दिवाळी पंधरा दिवसांवर होती, आणि मसाजी मस्क्याची मेंढरं सिद्धेश्वरच्या धरणामागच्या माळावर बसलेली होती. निरोप आला तो औंढ्याला, हरिचंद किराणावाल्याच्या टेलिफोनवर. मसाजी बाजाराच्या दिवशी तेल-मीठ घ्यायला गेला तेव्हा हरिचंदनं त्याला पेढा आणायला लावला आणि मग सांगितलं, तुम्ही आजोबा झालात.

त्याच संध्याकाळी अनुसयाबाईनं काळ्या मेंढीची लोकर वेगळी काढली आणि चातीवर दोरा कातायला घेतला. मस्क्यांच्या घरात लेकराच्या कमरेला पहिला दोरा बांधायचा तो घरच्या मेंढीच्या लोकरीचा, आणि आजीनं बांधायचा. परमेश्वर फोनवर म्हणाला, माय, टपालानं पाठव, मोहिनी बांधील. अनुसयाबाईला हे पटलं नाही. मोहिनी सून चांगली होती, पण ती आजी नव्हती. दोरा कातून झाला, पीळ देऊन झाला, आणि खणाच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत पडून राहिला.

पासपोर्ट झाले. मुंबईला जाऊन व्हिसाही झाला. तिथल्या बाईनं मसाजीला धंदा विचारला तेव्हा त्यानं मेंढरांचा आकडा सांगितला, आणि बाई हसली, एवढंच त्याला आठवत होतं. मग जानेवारीत परमेश्वरचा फोन आला की तिकिटाला एक रुपया लागणार नाही, तिकिटं पॉइंटावर मिळतात.

पॉइंट म्हणजे काय, हे मसाजीला दोनदा विचारावं लागलं. परमेश्वरची कंपनी त्याला दर सोमवारी विमानानं दुसऱ्या गावी पाठवायची आणि शुक्रवारी परत आणायची. जितकं विमानात बसावं तितके पॉइंट विमानवाले त्याच्या नावावर लिहायचे. पाच वर्षांचे साठले होते.

"म्हंजे तू घराबाहेर ऱ्हातोस, त्याचं हे," मसाजी म्हणाला.

पलीकडून परमेश्वर म्हणाला, "तसंच म्हणा, आबा."

मग तो उत्साहानं सांगायला लागला. ह्या पुढच्या जागा. खुर्ची अशी की बटण दाबलं की तिची खाट होते. अडचण एकच होती. पॉइंटावर विमानवाले एका विमानात पुढची एकच जागा देत होते. आबांची बारा फेब्रुवारीला मिळाली, मायची वीसला.

मसाजीनं विचारलं, "मागं दोन जागा एका दिवशी मिळतेत का?"

"मिळतेत. पण आबा, मी पयल्यांदा आलो तवा मागं बसून आलो. पाय आखडून गेले माझे. तुमचा तर गुडघा वाकत न्हाई. जल्मभर पायी चाललात तुमी दोघं. आता पुढंच बसायचं. माय पन पुढंच."

मसाजीच्या अगदी ओठांवर आलं होतं की, दोन मागच्या दे पण संगं दे. पण पोराचा आवाज दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा झाला होता. तो आवाज त्यानं कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. "बराबर हाय," तो म्हणाला. "तुला ठीक वाटंल तसं कर." आणि फोन ठेवला.

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा अनुसयाबाई भाकरी थापत होती. ती रागं भरली नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "आठ दिवस मागं? येवढं मागं तर आपन कधी ऱ्हायलो न्हाई."

ते खरं होतं. दरवर्षी दिवाळी झाली की मेंढरं वाशिमकडच्या मुलखात चराईला निघायची. मसाजी कळप घेऊन पहाटे पुढं व्हायचा. अनुसयाबाई घोड्यावर बिऱ्हाड लादून, कोंबड्या आणि लेकरं घेऊन मागून यायची. कधी अर्धा दिवस मागं, फार तर एक दिवस. दोघांनाही पाटी वाचता येत नव्हती, म्हणून जिथं रस्त्याला फाटा फुटायचा तिथं मसाजी खूण ठेवायचा. आधी तो दगडाखाली लिंबाची डहाळी ठेवायचा. एकदा तिच्या आधी कुणाच्या तरी शेळ्या तिथून गेल्या आणि डहाळी खाऊन गेल्या. अनुसयाबाई चुकीच्या फाट्यानं दोन कोस गेली, आणि सापडल्यावर चार दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, तुमचा रस्ता शेळीनं खाल्ला. तेव्हापासून तो काळ्या लोकरीचा पुंजका बांधायला लागला. मागून येताना ती प्रत्येक पुंजका सोडून घ्यायची आणि मुक्कामाला पोचली की त्याच्या हातावर ठेवायची. म्हणजे त्याला कळायचं, ही बराबर वाटेनं आली. आणि दुसरं कुणी त्या खुणेनं फसायचंही नाही.

"मी म्होरं जातो," मसाजी म्हणाला. "खुणा ठेवतो. तू मागून ये."

ह्या जाण्यापायी त्या साली चराईला न निघालेली मेंढरं पुतण्या प्रभूच्या हवाली झाली. प्रभूनंच त्याला मुंबईपर्यंत नेऊन पोचवलं. वसमतहून घेतलेले नाडीचे बूट, खांद्यावर घोंगडी, आणि सदऱ्याच्या खिशात मूठभर काळी लोकर, असा मसाजी विमानात चढला.

त्याला सगळ्यांच्या आधी आत सोडलं. खुर्ची एवढी रुंद होती की दोघांना बसता आलं असतं. तो एका कडेला बसला. एका पोरीनं चिमट्यानं धरून गरम ओला टॉवेल दिला. त्यानं तोंड पुसलं आणि टॉवेल घडी करून अनुसयाबाईला दाखवायला पिशवीत ठेवला. थोड्या वेळानं पोरगी चिमटा घेऊन परत आली तेव्हा तो काढून द्यावा लागला.

पलीकडच्या खुर्चीत नागपूरकडचे अमृतराव म्हणून एक वकील होते. त्यांनी बटण दाबून खुर्चीची खाट करून दाखवली. मसाजी आडवा झाला. पण त्याला झोप येईना. चालताना माणूस चालतो आणि निजताना एका जागी असतो, एवढंच त्याच्या अंगाला ठाऊक होतं. निजल्या निजल्या मुलूख मागं पडतोय, आणि मागं पडणाऱ्या मुलखात अनुसयाबाई आहे, हे त्याला सोसेना. तो उठून बसला, आणि बाकीचे सगळे निजलेले असताना खुर्चीच्या बिजागरीला लोकरीचा पुंजका बांधायला लागला.

अमृतराव जागे होते. त्यांनी विचारलं तेव्हा मसाजीनं सगळं सांगितलं. माझी मंडळी आठ दिवसांनी ह्याच विमानानं येणार आहे. वकिलांनी हळू आवाजात समजावलं की विमानं बदलतात, हे विमान उद्या तिसऱ्याच देशात असेल, आणि आतली झाडलोट रोज होते.

मसाजीनं पुंजका सोडला. त्याला लाज वाटली. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "पन तो जर्मनीतला तळ, जिथं इमान बदलायचं, तो तर हालत न्हाई ना?"

"नाही," अमृतराव म्हणाले. "तो जागेवरच असतो."

जर्मनीला एक बाई नावाची पाटी घेऊन उभी होती. त्याला चाकाच्या खुर्चीत बसवायला लागली, पण तो बसला नाही. खुर्चीत बसून खुणा ठेवता आल्या नसत्या. तो लंगडत तिच्या मागं निघाला. जिथं वाट फुटायची तिथं तो वाकायचा आणि बुटाची नाडी बांधतोय असं दाखवायचा. पहिला पुंजका त्यानं बाकाच्या पायाला बांधला. दुसरा सरकत्या जिन्याजवळच्या कठड्याला. तिसरा एका मोठ्या कुंडीच्या लोखंडी पायाला, मागच्या अंगानं. बाई प्रत्येक वेळी थांबायची. तिसऱ्या वेळी तीच वाकली आणि तिनं त्याच्या नाडीला दुहेरी गाठ मारून दिली.

शिकागोत बर्फ पडलेलं होतं. प्रियंका पाळण्यात होती, चार महिन्यांची, परमेश्वरच्या कपाळाची. मोहिनीनं तिला मांडीवर दिलं तेव्हा मसाजीनं कमरेकडं पाहिलं. दोरा नव्हता. परमेश्वर सोमवारी बॅग उचलून त्याच्या कामाच्या गावी गेला. मोहिनी लेकरात आणि घरात गुंतलेली. मसाजी काचेजवळ बसून बाहेरचं पांढरं बघायचा आणि वीस तारखेपर्यंतचे दिवस मोजायचा. हिरवं कुठंच नव्हतं. इथं मेंढरं काय खातील, हा विचार त्याच्या मनातून जाईना.

बुधवारी संध्याकाळी मोहिनीनं त्याला फोन लावून दिला. गावाकडं गुरुवारची सकाळ होती, आणि प्रभूनं अनुसयाबाईला हरिचंदच्या दुकानात आणून बसवलं होतं. मसाजीनं तिला वाट सांगितली. उतरलीस की सरळ. बाकाच्या डाव्या पायाला एक. मग चालता जिना, त्याला भिऊ नको, कठडा धर, कठड्यालाच दुसरी खूण. मग मोठी कुंडी, तिच्या मागच्या पायाला तिसरी. तिथून उजवीकडं.

"ऐकून राहिलीस का?"

"ऐकून राहिले." तिनं तिन्ही खुणा पाठ म्हणून दाखवल्या. मग म्हणाली, "शेळ्या न्हाईत ना तिथं?"

"न्हाईत."

"मग सापडंल."

तिनं लेकरू कसं आहे ते विचारलं. पेटी भरून झाली आहे, दोरा वरच ठेवला आहे, असं सांगितलं. फोन ठेवताना मसाजी म्हणाला की दोन मागच्या जागा घ्यायला पाहिजे होत्या. तिला ते ऐकू गेलं की नाही, त्याला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभूचा फोन आला. तो आधी मोहिनीनं घेतला. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा मसाजी तिच्याकडं न बघता बुटाच्या नाड्या बांधायला लागला होता.

परमेश्वर दुपारी आला. अनुसयाबाईच्या जागेचे पॉइंट विमानवाल्यांनी परत दिले होते. त्यांत संध्याकाळच्या विमानातली पुढची एक जागा मिळाली. ती त्यानं आबांना दिली आणि स्वतःला पैसे भरून मागची घेतली. विमान वर गेलं, जेवण आलं, मसाजीनं ते परत पाठवलं. मग तो उठला, पडदा सारला आणि खुर्च्यांच्या पाठी धरत धरत मागं गेला. पार शेवटच्या बाजूला परमेश्वर होता. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. मसाजी वाकडा होऊन तिच्यात शिरला. गुडघा पुढच्या खुर्चीला लागला.

"आबा, पुढं जा. पाय दुखंल तुमचा."

"दुखू दे," मसाजी म्हणाला. "हितं दोन जागा हायेत."

परमेश्वरनं त्याच्याकडं पाहिलं. मग खिडकीकडं तोंड केलं आणि तसाच राहिला. पुढची खुर्ची जर्मनीपर्यंत रिकामी गेली.

जर्मनीला उतरल्यावर मसाजीनं जुनी वाट शोधून बाकाचा पाय पाहिला. तिथं काही नव्हतं. कठडाही कुणीतरी पुसून काढला होता. कुंडीशी तो थांबला. मागच्या पायाला पुंजका होता, त्याच्या हातच्या गाठीसकट. परमेश्वरनं विचारलं, काढून घ्यायचा का?

"म्होरं गेलेल्यानं काढायचा नसतो," मसाजी म्हणाला. "मागून येनाऱ्यानं काढायचा." आणि तो लंगडत पुढं चालू लागला.

ते पोचले त्या दिवशी राख सावडायची होती. मातीला प्रभू आणि कुरुंद्याला दिलेली लेक सत्यशीला, एवढीच जवळची माणसं होती. सगळं उरकून पाहुणे पांगले तेव्हा मसाजी मेंढवाड्याच्या काटेरी कुंपणाशी बसला होता. परमेश्वर येऊन शेजारी बसला. त्यानं खिशातून काळा पुंजका काढला आणि बापाच्या हातावर ठेवला.

मसाजीनं मूठ मिटली. मग उठून आत गेला, अनुसयाबाईची पेटी उघडली आणि खणाचा तुकडा आणून परमेश्वरच्या हातात दिला. मोहिनीला बांधू दे, एवढंच म्हणाला.

त्यानंतर परमेश्वर दर हिवाळ्यात विचारायचा, आबा, पॉइंट साठलेत, येता का? मसाजी गेला नाही.

अनुसयाबाई मसाजी मस्के, वय अंदाजे बासष्ट, गुरुवार, सतरा फेब्रुवारी दोन हजार पाच रोजी, दिवस मावळायच्या वेळेला, मेंढरं आत घेताना छातीत कळ येऊन सिद्धेश्वरच्या माळावर वारली.