एकाच कुकरचा भात

सरकतं दार उघडून चिकागे स्वयंपाकघरात आली, तर आई पाठमोरी उभी राहून भातवाढीनेच भात खात होती. ओट्यावर कुकर दोन होते, एक आईचा आणि एक बाबांचा. आई बाबांच्या कुकरपाशी होती.

"आई!"

तिची आई साकाए दचकली. हनुवटीला चिकटलेलं शीत तिने बोटाने टिपलं आणि तोंडात घातलं.

"घासभर गं. यंदाचा नवा तांदूळ आलाय."

"रोज घासभर?"

साकाए भातवाढी धुवायला लागली.

आईच्या मूत्रपिंडाचा अहवाल पुन्हा बिघडला होता. असंच चाललं तर वसंतात डायलिसिसला बसवावं लागेल, असं डॉक्टरांनी कळवलं, म्हणून चिकागे त्सुकुबाहून सुट्टी काढून गावी आली होती. तिथल्या संशोधन केंद्रात तिने आणि तिच्या सोबत्यांनी अशाच रोग्यांसाठी भाताचं एक वाण तयार केलं होतं. त्याची पोती ती घरी पाठवत असे, आणि "छान लागतो हं तुझा भात" असं आई फोनवर न चुकता सांगत असे.

तोकुजी, चिकागेचा बाप, शेतातून येऊन गमबूट काढून आत आला. दोघींचे चेहरे पाहून तो दारातच थबकला.

"काय झालं?"

"आई चोरून तुमचा भात खाते, बाबा."

तोकुजीने हात पुसले. शेजारगावच्या लग्नालाही स्वतः पिकवलेल्या भाताचे गोळे बांधून नेणारा माणूस तो. क्षणभर त्याच्या तोंडावर सुखावल्यासारखं काही दिसलं. मग ते गेलं.

"तुझ्या त्या तांदळात असं वेगळं असतं तरी काय?"

चिकागे त्याच्यासमोर चटईवर बसली.

"दाण्यातल्या पेशींमध्ये प्रथिनांच्या बारीक पिशव्या असतात, बाबा. कोंबाला वर येईपर्यंत पुरावी म्हणून साठवलेली शिदोरी. त्या दोन तऱ्हेच्या. एक आपल्या पोटात सहज विरघळते, तिचाच भार आईच्या मूत्रपिंडावर पडतो. दुसरी गच्च आवळलेली असते, ती न पचताच बाहेर जाते. आमच्या वाणात पहिली कमी आणि दुसरी जास्त."

"म्हणजे शिदोरी आहे, पण गाठ सुटत नाही."

"आपल्याला सुटत नाही. कोंबाला सुटते."

"त्याच्यासाठीच बांधलेली असते म्हणा ती." तोकुजी बायकोकडे वळला. "आणि तू? इतका वाईट लागतो?"

"लागण्याचं काही नाही हो." साकाएने नळ बंद केला. "लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही पिकवलेलं खातेय. आता तुमच्यासमोर बसून वेगळ्या कुकरमधलं खाल्लं की पाहुणी आल्यासारखं वाटतं. आजारी पाहुणी."

तोकुजी उठला, पुन्हा गमबूट चढवले आणि बांधाकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पानं मांडताना साकाए ओट्यापाशी थांबली. तिथे एकच कुकर होता.

"अहो, तुमचा कुकर कुठाय?"

"कोठारात ठेवला."

"मग तुम्ही काय खाणार?"

"हा आहे की."

तोकुजीने वाडगा उचलला, पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला.

"चिका, हे काय बनवलंस तू? ओला भुसा आहे नुसता."

"अहो! पोरगी समोर बसलीय."

"मग खोटं बोलू?"

साकाएने चिकागेकडे पाहिलं, मग खाली मान घातली. तिचे खांदे हलू लागले. चिकागे घाबरून उठणार, तेवढ्यात आईने तोंडावर हात धरला. ती हसत होती.

"भुसा काय," ती कशीबशी म्हणाली, "भुसा निदान सुटा तरी असतो!"

"बघ! मी सांगतोय काय!"

दोघं मिळून त्या भाताला नावं ठेवू लागली. चव नाही, चकाकी नाही, वास तर त्याहून नाही. आपल्या वाणाच्या इतक्या खोडी चिकागेने कुठल्याही बैठकीत ऐकल्या नव्हत्या.

तोकुजी दुसरा घास घेऊन अडला. तेव्हा साकाएने किटली ओढली आणि त्याच्या वाडग्यातल्या भातावर गरम, बिनदुधाचा हिरवा चहा ओतला.

"असा खा. थोडा मुरू द्या आधी. मग घशाखाली उतरतो."

तो वाट पाहू लागला. चिकागेनेही आपला वाडगा आईपुढे धरला.