मांजर अडलंय

मोबाइलवरच्या खेळाला किती दिवस लागतात, असं मी नातीला विचारलं की ती म्हणायची, "चार महिने, आजी." मागच्या थंडीतही चारच महिने होते.

खेळ म्हणजे असा : एक मांजर, गावभराची छपरं, आणि बोट टेकवलं की मांजर उडी मारणार. नात कॉम्प्युटरवर मांजर हलतं-चालतं करायची आणि तिचा मित्र चित्रं काढायचा. त्याला आम्ही सगळे लंबू म्हणतो. माझं जेवणाचं टेबल दोघांनी कधीच बळकावलं होतं. वायरींच्या गुंत्यात ताट ठेवायला जागा शोधत मी फिरायची.

"एवढ्यात माझे चार स्वेटर विणून उसवून झाले असते," मी म्हणाले. "घोडं अडलंय कुठे?"

"घोडं नाही आजी, मांजर अडलंय," लंबू म्हणाला.

त्यानं दुसऱ्या गावी नोकरी धरली होती आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. तो गेला की चित्रं थांबणार. नातीनं तर या खेळापायी नोकरी सोडलेली. खेळ अर्धवट राहिला, तर तिला जुन्या साहेबाच्या दारात पुन्हा उभं राहावं लागणार होतं. म्हणून शनिवारी काहीही करून खेळ लोकांसाठी बाहेर काढायचा, असं तिनं ठरवलं.

शुक्रवारी तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. "खेळून बघ. आम्ही काही सांगणार नाही."

मी चष्मा पुसून बसले. छपरावर पिवळट मांजर होतं, एक कान जरा वाकडा. मला माहेरची मनी आठवली. हाक मारली की ती पाठ फिरवायची, हात पुढे केला की पलंगाखाली. पण खिडकीशी गप्प बसून राहिलं की आपणहून मांडीवर यायची. मीही गप्प बसले.

"आजी, अगं बोट लाव ना."

"ओळख तरी होऊ दे."

बऱ्याच वेळानं मीच विचारलं, "हे श्वास घेत नाही का रे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उड्या नाना तऱ्हेच्या काढल्या होत्या. बसलेलं मांजर मात्र भुसा भरल्यासारखं होतं.

"लोक खेळायला येणार आहेत, मांजराकडे बघत बसायला नाही," नात चिडून म्हणाली. "उद्या द्यायचंय हे."

लंबू मात्र खुर्ची ओढून माझ्याजवळ आला. "तुमची मनी झोपायची कशी? शेपटी कुठे असायची?"

"नाकावर. आणि त्याआधी जागच्या जागी गोल फिरायची."

"कान?"

"एक झोपायचा. दुसरा आईनं तापवलेल्या दुधाच्या पातेल्याकडे."

त्यानं दोन-चार रेघा ओढल्या, मग फोन घेऊन गॅलरीत गेला. नात नखं खात बसली.

"नवे साहेब म्हणाले, पंधरा दिवस उशिरा आलास तरी चालेल," तो परत येऊन म्हणाला. "साहेबांनी विचारलं, एवढं काय काम राहिलंय? म्हटलं, मांजराला झोपवायचंय."

"मग?" नातीनं विचारलं.

"म्हणाले, झोपलं की दाखव."

मांजर झोपलं, खेळ बाहेर पडला, लंबू गेला. माझ्या टेबलावर जागा झाली. आता दुपारी मी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते आणि हात आवरून बसते. काल मांजरानं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून जांभई दिली.

"मांडीवर कधी येणार गं हे?" मी नातीला विचारलं.

तिनं बोटं मोजली. हिशेब करत असावी.

"चार महिने," ती म्हणाली.